गावससर कौल मागतात

डीन म्हणजे काय, हे आमच्या गोव्यातल्या चोपडे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. सुमतीच्या, म्हणजे माझ्या, विद्यापीठातले डीन आपल्याकडे जेवायला येणार आहेत, असं आईने शेजारणीला सांगितलं, तेव्हा त्या बाईने विचारलं, "म्हणजे रेजिदोरापेक्षा व्हडलो काय गे?" रेजिदोर हा पोर्तुगीज अमदानीतला गावचा अधिकारी. ती अमदानी जाऊन माझ्या वयाइतकी वर्षं होत आली होती, पण मोठेपणा मोजायला आमच्याकडे अजून तेच माप होतं. आईला खरं उत्तर माहीत नव्हतं, पण शेजारणीपुढे हार मानणं तिच्या रक्तात नव्हतं. "व्हडलोच मगे!" ती म्हणाली. "आनी आमगेर जेवपाक येता तो." एवढं बोलून तिने नारळ खवायला घेतला.

आमचं घर धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. शापोरा नदीवर तेव्हा पूल नव्हता. पलीकडे जायचं तर फेरीबोट. तिची लोखंडी फळी धक्क्यावर आपटली की आमच्या मांडणीतली भांडी वाजत, आणि त्या आवाजावरून आई सांगे, आज बोट भरलेली आहे की रिकामी. त्याआधी, उजाडता उजाडता, पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत यायचा. आई त्याच्याकडून उंडे घ्यायची, आणि आबांसाठी कोंड्याची पोई. आबा, म्हणजे माझे वडील, पेडण्याच्या शाळेत मास्तर. चहात पोई बुडवत ते मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. घरात आम्ही दोघीच ऐकायला होतो, पण आवाज तिसऱ्या घरापर्यंत जाईल असा लावलेला असे.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. राजभाषा मराठी की कोंकणी, आणि गोव्याला घटक राज्य कधी मिळणार, यावरून लग्नाच्या पंगतीतून उठून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. आबा कट्टर मराठीवाले. सभेत उभे राहिले की त्यांची मराठी अशी काही सोवळं नेसून यायची की आम्ही दोघी एकमेकींकडे पाहायचं टाळत असू. घरी येऊन ओट्यावर टेकले की म्हणत, "गे, माका मातशी च्या दी." यात काही विसंगती आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि आज मला वाटतं, ती नव्हतीही. जेवायचं ताट वेगळं आणि पूजेचं वेगळं, इतकंच.

मी त्या वेळी विद्यापीठात भूशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, वर्गात एकटी मुलगी. त्या वर्षी प्रत्येकाला एका भागात राहून, खडक पाहत हिंडून नकाशा तयार करावा लागे, आणि त्यावर प्रबंध. त्याशिवाय पदवी नाही. मी डिचोलीकडची एक लोहखाण मागितली होती. एक शिक्षक मला म्हणाले, तू पिशवीत आणून दिलेले नमुने प्रयोगशाळेत तपास, तेही चालेल, मुलींसाठी सोय आहे. मी म्हटलं, मला सोय नको, खाण हवी. बोलणं जरा उद्धटच होतं, पण ते मी आजही मागे घेणार नाही. काम पुढच्या पावसाआधी व्हायला हवं होतं, कारण पावसात खाणीचे खड्डे पाण्याने भरतात. आणि आबांनी सांगून टाकलं होतं: पोरगी खाणीत उतरणार नाही. ट्रकवाल्यांच्या धुरळ्यात, परक्या गावात, बाप्यांच्या घोळक्यात तर नाहीच नाही. पदवी राहिली तर राहिली. म्हापशाच्या कॉलेजात जेवढं झालं तेवढं पुष्कळ, आता स्थळं पाहू.

हे मी गावससरांना सांगितलं. डॉ. दत्ताराम गावस, आमचे विभागप्रमुख आणि विज्ञान शाखेचे डीन. ते वारले तेव्हाच्या शोकसभेत मी मागच्या रांगेत बसले होते. नार्व्याच्या शेतकरी घरातला जन्म, परप्रांतात शिक्षण, चांगल्या पगाराची खाणीवरची नोकरी सोडून कॉलेजात शिक्षक, विद्यापीठ निघालं तेव्हा विभागप्रमुख, मग डीन, असं सगळं वक्त्यांनी ओळीने सांगितलं. सगळं खरं होतं आणि माझा सारखा संताप होत होता. बुटके, काळेसावळे, चालताना पुढे झुकणारे गावससर त्यात कुठेच नव्हते. डीन झाल्यावरही पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रात्यक्षिकं ते स्वतः घेत. टेबलावर फायलींपेक्षा दगड जास्त. नवा दगड आला की बेधडक जिभेला लावून बघत आणि समोर बसलेल्या कुलगुरूंनाही चाखायला सांगत. तास इंग्रजीत सुरू होई, अवघड जागा आली की कोंकणीत शिरे, आणि आम्हा पेडण्याच्या पोरांचे चेहरे कोरे दिसले की मराठीत येऊन संपे. त्यामुळे मराठीवाले त्यांना कोंकणीवाला म्हणत आणि कोंकणीवाले मराठीवाला. आबांपर्यंत यातली पहिली बातमी पोचली होती.

माझं ऐकून सर म्हणाले, "हांव येतां तुमगेर."

ही त्यांची पद्धतच होती. मुलगी अडली की ते तिच्या घरी जेवायला जात. मी म्हटलं, सर, मी सज्ञान आहे, मी घरी न विचारता जाईन. ते इतके रागावले की हातातला दगड खाली ठेवला. "आनी सुटयेंत खंय वतलें? शिकून घरा परतूंक घर जाय, मगो." परतायला घर हवं, म्हणून घर तोडून शिकवायचं नाही, आणि घर अडवतंय म्हणून सोडूनही द्यायचं नाही. त्या दोहोंच्या मध्ये जी चिंचोळी वाट उरते तिच्यावरून हा माणूस जन्मभर चालला.

सर सोमवारी आले. सोमवार म्हणून मासे नव्हते. आईने भाज्यांचं खतखतं, चवळीसारख्या अळसांद्याचं तोणाक आणि गोड मणगणं केलं होतं. आबांनी ठेवणीतली मराठी काढली. "आपण आमच्या कुटीस पाय लावलेत, हे आमचे भाग्य. परंतु कन्येस खाणीत पाठविणे आम्हांस शक्य होणार नाही." सर मन लावून जेवत होते. "मास्तर," ते म्हणाले, "खतखत्यांत तिरफळां बरीं घाल्यांत. म्हजी आवयय अशेंच करता." आई दाराआड होती ती तिथून पुढे आली आणि आणखी वाढून गेली. आबांचं भाषण तिथेच थांबलं. त्यांनी दोनदा पुन्हा सुरुवात केली, पण खतखतं खाणाऱ्या माणसाला 'परंतु' म्हणत राहणं कठीण असतं. शेवटी त्यांनी हुकमाचं पान टाकलं. "आम्ही देव मानणारी माणसे. देवास कौल लावू. देव देईल तो कौल."

मला डाव कळला. विज्ञानाचा डीन यावर हसेल, हसला की अपमान होईल, आणि अपमान झाला की विषय संपेल. सरांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि विचारलं, "विचारया. केन्ना?"

कौल म्हणजे असा. गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो. गावचा मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे प्रश्न देवापुढे मांडतो. मग उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, जमीन, विहीर, आजारपण, सगळं आमच्याकडे या वाटेने जातं. आमचे मानकरी बाबल गावकार. त्यांचा आवाज मोठा आणि त्यांना तो आवडायचा. ठरल्या दिवशी सर आले, सदरा काढून देवळात उभे राहिले, आणि बाबल गावकारांनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, ह्या मास्तराचा चेडू खाणीत वचूंक सोदता..." इथे थांबायचं होतं. पण देवापुढे उभं राहिल्यावर गावकार थांबतील तर ना! तसेच ते पुढे गेले: विहिरीचं पाणी खारं होतंय, फेरीबोट वेळेवर येत नाही, सोयऱ्याधायऱ्यांची राखण कर, आणि खालच्या वाड्यावरच्या दाजीचा बैल लंगडतोय तो बरा होईल की नाही... आणि डावी पाकळी पडली.

"झालं," आबा म्हणाले.

"कितें जालें?" सर म्हणाले. "तो कौल बैलाक."

देवळात जे हसू फुटलं ते गुरवालाही आवरेना. आबा तेवढे हसले नाहीत. डावा तो डावा, असं ते म्हणत राहिले. दाजी बिचारा बैलाच्या काळजीने रडकुंडीला आला. शेवटी सरांनी बाबल गावकारांनाच विचारलं, एका कामाला तीनदा कौल लावायचा मान असतो ना? आमच्या नार्व्याकडे असतो. गावकारांची चूक झाकायला याहून चांगली जागा नव्हती. ते म्हणाले, असतो, इथेही असतो.

सरांना बोटीवर सोडायला मी धक्क्यापर्यंत गेले ती आतून धुमसत. मी त्यांना विचारलं, सर, तुम्ही हे मानता? माझं अख्खं आयुष्य तुम्ही एका पाकळीवर लावलंत. विद्यापीठात काय बोलतील? बोललेही पुढे, विज्ञान शाखेचा डीन देवळात पाकळ्या राखत बसतो, असं एका विद्वानाने चहाच्या टेबलावर त्यांच्या तोंडावर म्हटलं, आणि कित्येक महिने ते त्यांच्या मागे फिरत राहिलं. त्या दिवशी धक्क्यावर सर माझ्याकडे न बघता नदीकडे बघत म्हणाले, "देवाचें म्हाका खबर ना. हांव तुज्या बापायक मानतां." मग बोटीची फळी उचलता उचलता ओरडले, "तयारी कर! हातोडी घे, नकाशे वाच. आदीं हें, कौल मागीर."

दुसऱ्या खेपेला बाबल गावकारांना एकच वाक्य बोलायची ताकीद होती. ते त्यांनी कसंबसं पाळलं. पण पाकळ्या हलेचनात. समईतलं तेल कमी होत आलं, नैवेद्य गार झाला, गुरवाच्या पोटात कावळे ओरडू लागले. देव मुका झाला, असं गुरवाने जाहीर केलं. सर उठले, सदरा अंगात घातला, आबांना नमस्कार केला. "बरें मास्तर, फुडल्या म्हयन्यांत येतां." आबा त्या दिवशी जेवायला बसले. मग एकदम आईला म्हणाले, "हो मनीस थकना कसो गे?" आई म्हणाली, "तुमी थकलात काय?" त्यावर त्यांनी ताक मागितलं. मला मात्र दिवस सरताना दिसत होते. पाऊस सरून खाणी कोरड्या झाल्या होत्या. खाणीत माझ्या बरोबरीची मुलं केव्हाच कामाला लागली होती. तिसरा कौल चुकला तर चौथा नव्हता, हे गावात पोरासोरांनाही माहीत होतं.

आणि तिसऱ्या कौलाच्या दिवशी रस्ते बंद झाले. भाषेच्या आंदोलनाचा जोर होता. पलीकडच्या रस्त्यांवर कोंकणीवाल्यांनी झाडं आडवी पाडली होती, आणि अलीकडे आमच्या धक्क्यावर मराठीवाले बसले होते. फेरीबोट बांधून ठेवलेली. धक्क्याच्या तोंडाशी, सर्वांत पुढे, मांडी घालून आमचे आबा. आई देवळात न्यायचा नारळ घेऊन दारात उभी, मी तिच्या मागे. आज सर येणार नाहीत, येऊच शकणार नाहीत, असं आम्ही दोघींनी एकमेकींना बोलून दाखवलं, आणि तरी आत कोणी जाईना.

दुपार व्हायच्या आधी पलीकडून एक होडी सुटली. नदीच्या मध्यावर आली तेव्हाच त्या पुढे झुकलेल्या खांद्यांवरून मी ओळखलं. मी पळत धक्क्यावर गेले. सरांची पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, चपला हातात, सदरा घामाने अंगाला चिकटलेला. आडव्या झाडांवरून चढत उतरत, मैलोगणती चालत हा माणूस पलीकडच्या शिवोलीपर्यंत आला होता, आणि तिथे एका मासेमाराच्या हातापाया पडून होडीत बसला होता. धक्क्यावरची पोरं उठून उभी राहिली. एकाने होडीच्या नाकाला पाय लावून ती ढकलून धरली, सरांना उतरू देईना. "सर, कोंकणी काय मराठी? तें आदीं सांगात. मागीर देंवात."

सर म्हणाले, "आदीं मातशें उदक दियात रे. गळो सुकला."

कोणी पाणी दिलं नाही. "परत व्हर रे," असं दुसऱ्याने होडीवाल्याला दरडावलं. होडीवाल्याने वल्हं उलटं घातलं. सर हलले नाहीत, घोषणा द्यायला तयार झाले नाहीत आणि भांडलेही नाहीत. पोरांच्या डोक्यांवरून त्यांनी आबांकडे पाहिलं आणि ठरल्या शब्दाची आठवण दिली. "मास्तर, आयज तिसरो कौल. आमचें उतर जाल्लें."

आबा बसलेले होते. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे, आणि त्या क्षणी त्यांच्यावर काय आलं असेल ते मला आता कळतं. ज्या माणसांबरोबर त्यांची हयात गेली ती सगळी बघत होती. उठले तर फुटले. आणि न उठता नुसते बसून राहिले असते, तर एक शब्दही न बोलता त्यांच्या मनासारखं झालं असतं; होडी परत गेली असती, कौल चुकला असता, मी घरात राहिले असते. दोष आंदोलनाचा, आबांचा नाही. मी त्यांच्याकडे असं पाहत होते की तसं मी देवाकडेही कधी पाहिलं नाही.

आबा उठले. धोतर झटकलं. होडीवर पाय रोवून उभ्या असलेल्या पोराला, जो त्यांचाच जुना विद्यार्थी, म्हणाले, "पाय काड."

"पूण मास्तर, तुमी..."

"हो माजो पावणो. पाय काड म्हणटंय न्हय तुका?"

आणि पाण्यात उतरून, पोटऱ्या भिजवून, त्यांनी सरांना हात दिला.

धक्क्यावरून आमच्या आळीत शिरल्यावर वाट फुटते. उजवीकडे देऊळ, डावीकडे घर. आबा घराकडे वळले. सर थांबले. "मास्तर, देवूळ हेवटेन."

"माका खबर आसा," आबा म्हणाले. त्यांची ठेवणीतली मराठी त्या दिवशी कुठे गेली होती कोण जाणे. "देवाक आनी कितें विचारतलो? तो विचारतलो माका, तुज्या तोंडाक कितें जालां म्हणून. कौल मी दितंय. चेडवाक व्हरा तुमी."

सर एका मेरेच्या, म्हणजे हद्दीच्या, दगडावर बसले. हसले नाहीत, आभारही मानले नाहीत. मग म्हणाले, "आतां तरी उदक दियात."

मी रडले. भर उन्हात, वाटेवर उभी राहून, मोठ्याने. आईने मात्र नारळ घरात परत ठेवला नाही. देवाच्या नावाने काढलेला, तो देवाला पोचता करायला ती एकटीच देवळात गेली, आणि आल्यावर तिने सगळ्यांना वाढलं. जेवताना सरांनी सांगितलं की मी नार्व्याला त्यांच्या घरी, त्यांच्या आईजवळ राहीन, आणि तिथून रोज खाणीवर जाईन. आबांनी विचारलं, हिला काही झालं तर? सरांनी खोटा भरवसा दिला नाही. म्हणाले, फातर कोणाचो सोयरो न्हय, जपून रावचें पडटा. आश्चर्य म्हणजे आबांना ते उत्तर पटलं.

आबांना याची किंमत पडलीच. मास्तर फुटले, असं बोललं गेलं; पुढच्या सभांना त्यांना मागे बसवू लागले. ते मागे बसले, पण जायचे थांबले नाहीत, आणि मराठीही त्यांनी सोडली नाही. घटक राज्य झाल्याचे फटाके वाजले तेव्हा मी प्रबंधाची शेवटची प्रकरणं लिहीत होते. माझ्यामागून विभागात दरवर्षी मुली येत गेल्या, केरीहून, नार्व्याहून, आमच्या पेडण्यातून, आणि त्यांच्यापैकी ज्या अडल्या त्यांच्या घरी सर निवृत्त होईपर्यंत जेवायला जात राहिले. शोकसभेत हे कोणी बोललं नाही. म्हणून मी लिहिते आहे.

खाणीवरचा पहिला दिवस तेवढा सांगायचा राहिला. सर स्वतः मला घेऊन गेले. लालभडक माती, ट्रकांची रांग, आणि पुढे पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेला प्रचंड खड्डा. काठावर तिथला सुपरवायझर आडवा आला. त्याने सरांना ओळखलं, वाकून नमस्कारही केला, पण वाट सोडली नाही. बायल मनीस खाणीत उतरवायची इथे पद्धत नाही, साहेब, म्हणाला. उद्या काही झालं तर जाब कोण देणार? सरांच्या एका शब्दावर तो बाजूला झाला असता. ते त्याच खाणींवर काम करून मोठे झालेले. मी वाट पाहिली. सर वाकून एक दगड उचलून तो फिरवून बघत राहिले.

सुपरवायझर माझ्याकडे वळला. "हांगा कोणें धाडलां गो तुका?"

"माज्या बापायन," मी म्हटलं.

त्याने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तो बाजूला झाला. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी दगड जिभेला लावला, थुंकले, आणि म्हणाले, "हांव हांगाच रावतां. तूं वच."

मी एकटी खाली उतरले.